घरी पिकलबॉल खेळायचंय? नेटच्या आधी टेप काढा

आमच्या घरी आलेली पहिली नेट २२ फुटांची होती आणि तिला उभं करायची जागा १८ फुटांची. हे गणित पाचवीतल्या पोरालाही जमलं असतं, पण मोबाइलवर ऑर्डर देताना घरातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. खोकं आलं, नळ्या जोडत गेलो आणि शेवटची नळी तुळशीवृंदावनाला जाऊन भिडली. समोरचे काकाजी गेटवर हात टेकून बघत होते. म्हणाले, "भाऊ, हे काय मच्छरदाणी लावून राहिले काय?"

ती नेट परत पाठवण्यात तीन आठवडे गेले. मग एक अर्ध्या मापाची घेतली, आणि पुढे ले-आउटमधल्या चार घरांनी वर्गणी काढून पूर्ण मापाची. म्हणजे तीन नेटचा अनुभव गाठीशी आहे, त्यातला एक पूर्ण फुकट गेलेला. नागपुरात आता तासाच्या भाड्याने कोर्टं मिळतात, पण रोज सकाळी गाडी काढून तिकडे जाण्यापेक्षा दारातच खेळावं असं वाटणारे माझ्यासारखे बरेच आहेत. हे त्यांच्यासाठी.

तसाही हा खेळ घराच्या अंगणातलाच. १९६५ साली अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांच्या सुट्टीतल्या घरी तो सुरू झाला. घरापाशी जुनं बॅडमिंटन कोर्ट होतं, बॅडमिंटनचं सामान पुरेसं सापडेना, म्हणून टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लास्टिक बॉल घेऊन मंडळी खेळायला लागली. नेट आधी बॅडमिंटनच्याच उंचीवर, ६० इंचांवर होती. बॉल डांबरी जमिनीवर चांगला उसळतो हे लक्षात आल्यावर ती ३६ इंचांवर उतरवली. सुरुवातच बॅडमिंटन कोर्टावर झाल्यामुळे पिकलबॉलचं कोर्ट आजही बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टाएवढंच आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

१. आधी जागा मोजा, आणि कागदावर लिहा

कोर्टाचं माप ४४ फूट बाय २० फूट, म्हणजे ८८० चौरस फूट. खेळाडूंना मागे-बाजूला पळायला जागा धरून किमान ६० बाय ३० फूट हवं असतं, म्हणजे १८०० चौरस फूट. आपल्याकडच्या ले-आउटमधला नेहमीचा प्लॉट ३० बाय ५०, म्हणजे १५०० फुटांचा. थोडक्यात, घर पाडून सपाट केलं तरी नियमातलं कोर्ट बसत नाही. तेव्हा 'आपल्या अंगणात पूर्ण कोर्ट' हे स्वप्न शहराच्या कडेला बेसा-पिपळ्याकडे मोठा प्लॉट घेतलेल्यांनी बघावं. बाकीच्यांनी टेप घ्यावी.

मोजताना आम्ही काय चुकलो ते सांगतो. आम्ही भिंत ते भिंत मोजलं. प्रत्यक्षात मध्ये जिन्याची पायरी होती, नळाची तोटी होती, आणि एका कोपऱ्यात उन्हाळ्यात कूलरचं स्टँड उभं राहतं तेही होतं. मोकळी रुंदी मोजा, सगळ्यात अरुंद ठिकाणी मोजा. नेटच्या दोन्ही टोकांना माणूस जाऊ शकेल एवढी, दीड-दीड फूट जागा सोडा. म्हणजे नेट जेवढी लांब त्यात ३ फूट मिळवा, तेवढी रुंदी हवी.

लांबीकडेही बघा. नेटपासून दोन्ही बाजूंना ७-७ फुटांचा पट्टा असतो, त्याला 'किचन' म्हणतात. त्यात उभं राहून हवेतला बॉल मारायचा नाही, टप्पा पडल्यावरच. नुसता किचन-किचन, म्हणजे हळू टप्प्यांचा 'डिंक'चा सराव करायचा असेल तर १४ फुटांचा पट्टा आणि मागे उभं राहायला चार-चार फूट, असं २२ फुटांत भागतं. एवढी जागा बहुतेक पोर्च-अंगणांत निघते.

शेवटी वर बघा. छज्जा, कपडे वाळत घालायची दोरी, विजेची तार. छज्जा खाली असेल तर लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच मारलेला बॉल, विसरा.

२. अर्धी की पूर्ण?

बाजारात पूर्ण मापाची नेट २२ फुटांची असते. अर्धी म्हणून ९ पासून १२ फुटांपर्यंत काहीही विकलं जातं, त्यामुळे 'हाफ साइज' या शब्दावर जाऊ नका, फूट विचारा.

माझं स्पष्ट मत: घरात खेळणारी माणसं दोन किंवा तीन असतील तर अर्धीच घ्या. पूर्ण नेट एकट्याने उभी करता येते, पण रोज करावीशी वाटत नाही. आमची अर्धी नेट आठवड्यातून पाच दिवस लागते. वर्गणीची पूर्ण नेट फक्त रविवारी निघते, आणि तीही कोणीतरी 'चला रे' म्हणत दारं वाजवली तर. स्टीलच्या फ्रेमची पूर्ण नेट साधारण ९ ते ११ किलो भरते, अर्धी त्याच्या निम्म्याच्या आसपास. चाकांची जड फ्रेम क्लबसाठी ठीक आहे. ती दुसऱ्या मजल्यावर कोण नेणार, हे मागवण्याआधी घरात ठरवून घ्या, कारण ते काम नंतर आपल्याच गळ्यात पडतं.

अर्ध्या नेटवर अर्ध्या कोर्टाचा, १० फूट रुंदीचा एकास एक सामनाही मस्त होतो. फक्त त्याला लांबी ४४ फुटांची लागते. ती नसेल तर मागची रेघ पुढे ओढा. घरचा खेळ आहे, पंच कोणी येत नाही.

फ्लॅट स्कीममध्ये राहत असाल आणि खाली बॅडमिंटनचं कोर्ट आखलेलं असेल तर तुम्ही नशीबवान. बाहेरच्या रेघा तशाच चालतात. बॅडमिंटनची पुढची रेघ नेटपासून साडेसहा फुटांवर असते, किचनची ७ फुटांवर. म्हणजे सहा इंच मागे खडूने एक रेघ मारली की काम झालं. अशा ठिकाणी मात्र पूर्ण २२ फुटांचीच नेट घ्या आणि खर्च वाटून घ्या.

३. जमीन कशी आहे?

हे कोणी सांगत नाही, आणि नेटची निम्मी भांडणं इथूनच निघतात.

गट्टू (पेव्हर ब्लॉक): आपल्याकडे काळ्या मातीवर घरं. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर बसवलेले गट्टू वरखाली होतात. लांब पायांची फ्रेम अशा जमिनीवर डुगडुगते. पायाखाली रबरी टोपणं असलेलीच फ्रेम घ्या, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे हाताशी ठेवा. एका पायाखाली दोन घड्या सारल्या की हलणं थांबतं. बॉलचा टप्पा गट्टूच्या फटीवर पडला की तो कुठेही जातो, त्यावर उपाय नाही.

गच्ची: चायना मोझॅकची गच्ची दिसायला थंड, पण दंवाने किंवा पाण्याने ओली असली की बर्फासारखी निसरडी. वॉटरप्रूफिंग केलेलं असेल तर फ्रेमचा उघडा लोखंडी पाय त्यावर कधीही घासू नका. आमच्या एका शेजाऱ्यांच्या गच्चीला तसाच ओरखडा पडला आणि पावसाळ्यात खालच्या बेडरूमच्या छतावर नकाशा उमटला. शिवाय गच्चीला पाणी वाहून जायला उतार असतो. नेट उताराला आडवी लावाल तर एक बाजू चढावर आणि दुसरी उतारावर जाते, मग प्रत्येक गेमनंतर बाजू बदलून घ्या. कठडा तीन फुटांचा असेल तर बॉल खाली जाणारच. खाली कोणाची गाडी उभी असते तेही बघून ठेवा.

रस्ता: सिमेंट रोडचा टप्पा झकास येतो. पण ज्या गल्लीत गाड्या येतात-जातात तिथे नेट लावू नका. बंद गल्ली असेल आणि सगळ्यांची हरकत नसेल तरच. पोरं बॉलमागे बघता बघता धावतात.

४. फ्रेम बघायची ती अशी

नेटमध्ये पैसे जातात ते फ्रेममध्ये. जाळी नंतर बदलता येते, फ्रेम वाकली की संपलं.

पहिला प्रश्न, मध्ये आधार आहे का? २२ फुटांच्या फ्रेमला मधोमध जमिनीवर एक पाय आणि त्यावर उभा टेकू असायलाच हवा. नसेल तर जाळी ताणली की दोन्ही टोकांचे खांब आतल्या बाजूला झुकतात आणि मध्ये झोळी पडते. स्वस्त नेटचा हा ठरलेला रोग. दुकानात उभी करून दाखवत असतील तर मधल्या पट्टीवर तळहाताने हलकं दाबा आणि त्याच वेळी टोकाच्या खांबाकडे बघा. खांब तुमच्याकडे नमस्काराला वाकला, तर तुम्हीही नमस्कार करून निघा.

दुसरा, नळीचा आकार. गोल नळ्या सांध्यात फिरतात, मग खांब तिरका होतो. लंबगोल किंवा चौकोनी नळी फिरत नाही. गोलच असेल तर सांध्याला दाबायचं बटण हवं, नुसती नळीत नळी नको.

तिसरा, धातू. पावडर कोटिंग केलेलं स्टील ताठ राहतं, पण बटणापाशी रंग खरवडला की पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज धरतो. ॲल्युमिनियम हलकं, गंजत नाही, मात्र पातळ असेल तर त्याला पोचा पडतो. फायबरच्या लवचिक काठ्यांवर ताणलेल्या नेट दोन मिनिटांत लागतात, पिशवी खांद्याला अडकवून फुटाळा तलावावर फिरायलाही नेता येतील इतक्या हलक्या. अर्ध्या मापाला त्या चालतात. पूर्ण मापाला माझी पसंती स्टीलला.

चौथा, नळ्यांवर आकडे किंवा रंगाच्या खुणा आहेत का. नसतील तर पहिल्या दिवशीच रंगीत टेप लावून खुणा करा. नाहीतर दर वेळी 'ही डावीकडची का उजवीकडची' यावर घरात परिसंवाद होतो.

५. टोकाला ३६, मध्ये ३४

नियमाप्रमाणे नेट दोन्ही बाजूंना ३६ इंच आणि मधोमध ३४ इंच हवी. हा दोन इंचांचा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. विकणारे मात्र फक्त '३ फूट उंच' लिहितात. मधली उंची विचारा, आणि ती कशाने जमते तेही विचारा. मधल्या टेकूला अडकणारा पट्टा असेल तर उत्तम, तो खेचून ३४ इंचांवर आणता येतो. पट्टा नसेल तर उंची नशिबावर.

अर्ध्या नेटमध्ये हे सहसा सरळ एकाच उंचीचं असतं. सरावाला मी ती ३४वर ठेवतो, कारण खेळताना बहुतेक बॉल मधूनच जातात.

जाळीची भोकं बॉल आरपार जाणार नाही एवढी बारीक हवीत, वरची पांढरी पट्टी दुहेरी शिवणीची हवी आणि जाळीचा खालचा काठ जमिनीजवळ पोहोचायला हवा. खाली वीतभर फट राहिली की बॉल तिथून निसटतो, आणि मग 'वरून गेला' म्हणणारा एक आणि 'खालून' म्हणणारे तिघे. फ्रेमच्या खालच्या दांडीवर किंवा मधल्या पायावर आपटून बॉल भलतीकडे गेला तर काय करायचं, तेही आधी ठरवा. आमच्याकडे नेट ओलांडून गेलेला बॉल तिथे आपटला तर तो पॉइंट पुन्हा खेळतात.

६. या दोन गोष्टींना भुलू नका

एक म्हणजे 'तीन खेळ, एक नेट'. बॅडमिंटन, टेनिस आणि पिकलबॉल एकाच फ्रेमवर. उंची कमी-जास्त करायला आत-बाहेर सरकणारे बारीक खांब असतात, आणि तेच डगमगतात. पोरांना मजा म्हणून ठीक, पण बॉल पट्टीला लागून कसा पडतो हे त्यावर कधी कळणार नाही.

दुसरं म्हणजे घरातली जुनी बॅडमिंटनची नेट खाली बांधणं. थंडीत गल्लीत दोन खांबांना बांधलेली ती नेट आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मलाही वाटलं, तीच तीन फुटांवर बांधू. ती बॅडमिंटनच्या फुलासाठी असते, जाळीचा पट्टा अडीच फुटांचा. तीन फुटांवर बांधली की खाली फट, आणि साधारण २५ ग्रॅमचा बॉल लागला की पंख्यासारखी हलते. दोन दिवस करून बघा, पैसे लागत नाहीत. पण खेळ आवडला की नीट नेट लागेलच.

७. मागवताना: कागद आणि व्हिडिओ

बर्डीवर किंवा धरमपेठेत खेळाच्या सामानाच्या दुकानांत विचारून बघा, उभी करून दाखवत असतील तर तिथूनच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. ऑनलाइन मागवणार असाल तर हे जवळ ठेवा:

- जीएसटीचं बिल, पीडीएफ डाउनलोड करून
- वॉरंटी फ्रेमची किती आणि जाळीची किती, याचं लेखी उत्तर
- खोक्यावरच्या लेबलचा फोटो. त्यावर निर्माता किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, माल आयात केलेला असेल तर मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापणं बंधनकारक आहे
- खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ, नळ्या मोजताना दिसतील असा
- फ्लॅट असेल तर सोसायटीची परवानगी, खेळायच्या वेळेसकट, चिठ्ठीवर का होईना

आमच्या पहिल्या वेळी विकणाऱ्याने एक कडी कमी पाठवली होती. परत घेताना तोच म्हणाला की कडी तुम्हीच हरवली. व्हिडिओ नव्हता, त्यामुळे तोंड बंद. तीन आठवडे फोनाफोनीत गेले आणि लांबलचक खोकं बैठकीत आडवं पडून राहिलं, पाहुणे त्यावर चहाचे कप ठेवायचे. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवली, तेव्हा गाडी हलली. खोकं आणि आतलं थर्माकोल परत करायची मुदत संपेपर्यंत टाकू नका. भंगारवाल्याला तर अजिबात नाही.

सुटे भाग मिळतात का, हाही प्रश्न आधीच विचारा. रबरी टोपणं, बटणं, मधला पट्टा या गोष्टी जातात. बटणं आणि टोपणं इतवारीतल्या हार्डवेअर दुकानात जुळणारी सापडू शकतात, पण जुनी सोबत घेऊन जा.

८. पहिल्यांदा उभी करताना

लागणारं सामान: १५ मीटरची टेप, खडू, गवंड्याची दोरी, मास्किंग टेप, चार छोट्या पिशव्या आणि रेती.

आधी नेट उभी करा, रेघा नंतर. उलट केलंत तर रेघा पुसत बसाल. नेटची जागा ठरली की तिच्यापासून दोन्हीकडे ७ फुटांवर किचनची रेघ. पूर्ण कोर्ट असेल तर २२ फुटांवर मागची रेघ. कोपरे काटकोनात आलेत का ते बघायला अर्ध्या कोर्टाचे, म्हणजे २० बाय २२ फुटांचे, दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही २९ फूट ९ इंच आले की कोर्ट सरळ. आमचं पहिलं कोर्ट पतंगासारखं झालं होतं, आणि हरणाऱ्याला तेवढंच कारण पुरायचं.

उभी केल्यावर अर्धा तास तशीच ठेवा, मग मधली उंची पुन्हा मोजा. नवी जाळी थोडी सैल होते. पट्टा ताणताना दोन्ही टोकं आळीपाळीने ताणा. एकच टोक खेचलं की फ्रेम त्या बाजूला सरकते.

९. वारा, ऊन, पाऊस

वारा: मे महिन्यात संध्याकाळी अवकाळीचं वावटळ येतं तेव्हा नेट पालासारखी फुगते. गच्चीवर आमची एकदा टाकीपर्यंत गेली. प्रत्येक पायावर तीन-चार किलो रेतीची पिशवी ठेवा. दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्याही चालतील. आभाळ काळं झालं की डाव सोडा आणि नेट आडवी करा.

ऊन: नागपूरचा उन्हाळा ४५च्या पुढे जातो, तेव्हा खेळ सकाळी सहा ते आठ आणि रात्रीचा. गच्चीवर दुपारभर राहिलेली फ्रेम हाताला चटका देते, प्लास्टिकच्या कड्या ठिसूळ होतात आणि नळ्यांमधली लवचिक दोरी सैल पडते. खेळ झाला की काढून ठेवायची, हा नियम कटकटीचा वाटला तरी पाळा. बॉलही उन्हात ठेवू नका, मऊ पडून वेडावाकडा होतो. उघड्यावर ४० भोकांचा बॉल घ्या. २६ भोकांचा बंदिस्त हॉलसाठी असतो, वाऱ्यात भरकटतो.

आणि दुपारी खेळू नका, उन्हामुळे नव्हे तर शेजाऱ्यांमुळे. बॅटचा टकटक आवाज बंद खिडकीतूनही येतो, आणि दुपारी दोन ते चार ही झोपेची वेळ आहे. काकाजींनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगायला लागू नये म्हणून आम्ही फोमचा बॉल आणला. तो जवळजवळ मुका असतो.

पाऊस: जूनमध्ये नेट पिशवीत भरण्याआधी जाळी पूर्ण वाळवा. ओली भरली तर आठ दिवसांत वास येतो. सांध्यांवर खोबरेल नको, धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल एक थेंब लावून पुसून घ्या. पिशवीची चेन सगळ्यात आधी तुटते, म्हणून नळ्या कोंबू नका, जुन्या ओढणीने बांधून ठेवा. आमच्याकडे जिन्याखालच्या कोपऱ्यावर कूलर आणि नेट दोघांचा हक्क आहे. पावसाळ्यात कूलर आत जातो तेव्हा नेट दिवाणाखाली सरकते. त्यासाठी दिवाणाची लांबी पिशवीपेक्षा जास्त आहे ना, हेही टेप हातात आहे तोवर मोजून घ्या.